मनाली–लेहला एकटी निघतेस तर

पोरी, कुठली सायकल घेऊ ते दुकानदाराला विचार. मला विचारशील तर मी झोपायचं कुठे ते सांगेन. त्या रस्त्यावर चढाने माणूस दमतो, पण आजारी पडतो तो चुकीच्या मुक्कामाने.

अटल बोगदा २०२० साली झाला, पण तू आपली जुन्या रस्त्याने रोहतांगवरूनच जा. ३,९७८ मीटरवर चढायचं आणि झोपायला कोकसर नाहीतर सिस्सूला उतरायचं. शरीराला याहून चांगली सवय कशाने लागणार! केलाँगला एक दिवस नुसती लोळून काढ. पुढे दारचाहून एका दमात सरचू गाठायची खुमखुमी नको. मध्ये पत्सेओ, मग झिंगझिंगबार, असे तुकडे पाड. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज फार तर पाचशे मीटरने वाढवावी. जास्त वाढवावी लागली तर तिथेच एक दिवस थांबायचं.

एवढा घोळ घालतोय त्याला कारण आहे. बारालाचा ओलांडून सरचूला उतरलीस तरी तू ४,२०० च्या वरच असतेस. तिथून खाली यायचं तर आधी पुन्हा खिंड चढावी लागते. मागे बारालाचा, पुढे लाचुलुंग आणि टांगलांग. म्हणून डोकं ठणकत असेल तर झिंगझिंगबारलाच थांब, तिथून दारचाला उतार आहे. आणि ओकाऱ्या, चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप, यातलं काहीही दिसलं तर सायकल धाब्यावर टाकायची, मिळेल त्या ट्रकने खाली यायचं. रात्र काढून बघू, असं म्हणायचं नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला नको.

नाले सकाळी ओलांडायचे. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. अनवाणी उतरू नकोस, दगड गोल नि गुळगुळीत असतात. पट्ट्याच्या सँडल घाल. बॅगा सोडून आधी त्या पलीकडे ठेवून ये, मग सायकल. ती प्रवाहाच्या खालच्या अंगाला धर. वरच्या अंगाला धरलीस तर पाणी तीच तुझ्या पायांवर ढकलतं. पाणी फारच असेल तर ट्रकवाल्याला हात कर, त्यात कसली लाज?

गाटा लूप्सच्या २१ वळणांत एका जागी भुताच्या नावाने पाण्याच्या बाटल्या वाहिलेल्या दिसतील. वाटलं तर वाहा, पण स्वतःची बाटली रिकामी करून नको. पांगला भाताच्या नादी लागू नकोस, त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. थुकपा नाहीतर मॅगी खा. मोरे मैदान सपाट बघून उशिरा निघशील, तर दुपारचा समोरचा वारा तुला उतारावरही पॅडल मारायला लावेल.

टांगलांग-ला ५,३२८ मीटरवर. फोटो नंतर काढ, आधी घामेजलेला शर्ट बदल, विंडचीटर आणि हातमोजे चढव, ब्रेक पॅड बघ. रुमत्सेपर्यंत उतारच उतार आहे. ब्रेक सतत दाबून ठेवू नको, दाब-सोड करत ये.

सिमकार्ड पोस्टपेड घे. आपलं इथलं प्रीपेड लडाखात चालत नाही. आणि दारचा ते उपशी भरवशाची रेंज नसते, हे तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव. नाहीतर ती रोज मला फोन करेल.