पाणी उकळले, पण औषध गेले का?

गेल्या पावसाळ्यात नेवाशाजवळच्या वस्तीवरचे एक शेतकरी विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊनच दवाखान्यात आले. मुलाने विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुतला होता. घरात सहा महिन्यांचा नातू, त्याच्या वरच्या दुधात हेच पाणी. "डॉक्टरसाहेब, आम्ही उकळून घेतो. औषध मरतं ना?"

विषाला आपण औषध म्हणतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो. उकळल्याने जंतू मरतात. कीटकनाशक हा जंतू नव्हे. पाण्याची वाफ होते, बरीचशी विषे भांड्यातच राहतात. तुरटी किंवा टीसीएलवरही विसंबता येत नाही.

शेतात पडलेले औषध काही उन्हाने, काही मातीतल्या जिवाणूंमुळे मोडते. ऊस-मक्यातल्या तणावर मारतात ते अ‍ॅट्राझिन मातीत निम्मे व्हायला साधारण ६० दिवस लागतात. म्हणजे चार महिन्यांनीही पाव हिस्सा शिल्लक. क्लोरपायरिफॉस मातीला चिकटून बसते, सहसा खोल जात नाही. अ‍ॅट्राझिन मात्र पाण्याबरोबर चालते. आपली काळी माती चिकण, ती पुष्कळ धरून ठेवते. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून सरळ मुरमात उतरतो. तिथून खडकाच्या फटी आणि मग विहीर. कालव्याखालच्या उसाला मोकाट पाणी दिले तरी तेच होते. खाली ऊन नाही, जिवाणूही थोडे, त्यामुळे तिथे पोचलेले विष फार काळ टिकते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करा: एक ग्रॅम औषध पाच लाख लिटर पाण्याला, म्हणजे दहा हजार लिटरच्या पन्नास टँकरना, त्या मर्यादेपर्यंत नेते. एवढ्याने चव बदलत नाही, वासही येत नाही, लगेच उलटीही होत नाही.

त्या आजोबांना मी विहिरीचे पाणी पिण्यासाठी बंद करून नळाचे आणायला सांगितले, बाळासाठी तर त्याच दिवसापासून. पाणी तपासायला देताना कीटकनाशकांची तपासणी हवी असे वेगळे सांगावे लागते. जंतूंच्या तपासणीत हे विष दिसत नाही. पंप विहिरीपासून दूर, रानातच धुवावा आणि ते पाणी फवारलेल्या पिकावरच मारावे. रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरण्याची सवय अजून काही घरांत दिसते. तो डबा घरात आणूच नये.