गाठीभोवतीची तार

कापूस वेचून झाला. गाडी भरली. जिनाच्या आवारात गाडी रिकामी झाली, काटा झाला, पैसे पदरात पडले आणि आपण घरी आलो. पण कापूस तेथेच थांबत नाही. त्याचे पुढे काय होते, ते आज पाहू या.

जिनात सरकी वेगळी होते. उरते ती रुई. १ क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. जातीप्रमाणे थोडे कमीजास्त होते. मग ५ क्विंटलांची किती? मनातच हिशेब करा. १७० किलो. आपल्या देशात कापसाची एक गाठ एवढीच, १७० किलोंची धरतात. आमच्या विदर्भात तिला गठाणही म्हणतात.

आता ज्याने गादी भरली आहे त्याला ठाऊक आहे की रुई किती फुगते. १७० किलो रुई मोकळी ठेवली तर खोली भरून जाईल. आगगाडीत काय, जहाजात काय, जागेचे भाडे पडते. म्हणून रुई दाबून गाठ करण्याची पद्धत पडली. खामगावला १८७० मध्ये जलंबहून आगगाडीचा फाटा आला, तोही कापसासाठीच. पूर्वी गाठ ३९२ पौंडांची धरीत. अशा दोन गाठी म्हणजे एक खंडी. व्यापारी खंडीचा भाव बोलतात, तो हिशेब तेथून आलेला आहे.

दाबणाऱ्या यंत्राला प्रेस म्हणतात. वर एक जाड लोखंडी पाट, खाली एक पाट. मध्ये रुई. पाट जवळ येतात आणि रुई दगडासारखी घट्ट होते. पण ती दबून राहते का? उशी हाताने दाबून पाहा. हात काढला की उशी पुन्हा वर येते. रुईचेही तसेच. म्हणून पाट सैल करण्याआधीच गाठ बांधावी लागते.

मग तार घालायची कोठून? पाट तर रुईला चिकटून बसलेले! याची युक्ती सोपी आहे. दोन्ही पाटांना आडव्या खाचा ठेवलेल्या असतात. एक गडी इकडून खालच्या खाचेत तार सारतो. पलीकडचा गडी तिचे टोक धरून वर वळवतो आणि वरच्या खाचेतून परत पाठवतो. दोन्ही टोके एकमेकांत अडकवली की एक वेढा झाला. असे वेढे जवळजवळ घालतात. पुष्कळ ठिकाणी तारेऐवजी लोखंडी पट्टी वापरतात. रीत तीच.

मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्र करते. अमेरिकेत गाठ मोठी, सुमारे २१८ किलोंची असते. तिला बहुधा सहा किंवा आठ तारा लागतात. यंत्र त्या आपणच घालते आणि आपणच पिळते. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोर ओढता येतो, ढकलता येत नाही. तार मात्र ढकलता येते, कारण ती ताठ असते. तरी मोकळी ढकलली तर ती भलतीकडे जाते, वाकते. तिला वाट लागते. लेंग्यात नाडी ओवताना आपण काय करतो? नाडीला काडी बांधतो आणि नेफ्यातून सारतो. नेफा असतो म्हणून नाडी कंबरेभोवती फिरून पुन्हा जागेवर येते. यंत्रात गाठीभोवती असाच एक लोखंडी नेफा असतो. आपण त्याला तारवाट म्हणू.

तारेचे वेटोळे बाजूला ठेवलेले असते. वेटोळ्यातली तार वाकडी, म्हणून आधी तिला लहान चाकांतून ओढून सरळ करतात. मग दोन चाके तिला चिमटीत धरून तारवाटेत ढकलतात. तार काटकोनात वळत नाही, म्हणून वाटेचे कोपरे गोल ठेवतात. तार तेथेच जास्त घासते. कोपरे झिजतात, म्हणून ते कठीण पोलादाचे आणि बदलता येतील असे करतात.

पण नाडीत आणि तारेत एक फरक आहे, आणि खरी मेख तेथेच आहे. नाडी नेफ्यातच राहते. तारेला मात्र नेफ्यातून बाहेर पडून गाठीवर बसायचे असते. म्हणजे तार ढकलताना वाटेने तिला धरले पाहिजे आणि ओढताना सोडले पाहिजे! यासाठी तारवाटेची आतली, गाठीकडची बाजू झडपांची करतात. झडपा स्प्रिंगने मिटलेल्या असतात. तार फिरून आली की तिचे टोक एका बटणावर आपटते. लगेच एक चिमटा ते टोक पकडतो. चाके उलटी फिरतात, तार ताणली जाते, झडपा ढकलून बाहेर येते आणि गाठीला घट्ट बसते. मग पीळ पडतो. तार कापली जाते.

आम्ही एका प्रेसवर गेलो होतो. तेथल्या जुन्या कामगाराच्या उजव्या बोटाची दोन पेरे नव्हती. आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, तार सांध्यापाशी अडकली होती. मी म्हटलं, एवढ्यासाठी काय मशीन बंद करा लागते? बोट घातलं अन् तार सोडवली.”

पुढे काय झाले असेल, ते तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल. सुटलेली तार सर्रकन पुढे गेली. टोक बटणावर आपटले. यंत्राला काय माहीत, बोट आत आहे? त्याने तार ओढून घेतली.

“आता पोरायले एकच सांगतो,” तो म्हणाला. “तार अडकली का आधी बटन बंद. मंग दाब उतरवाचा. मंग पाह्याचं.” चालत्या यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्याने केली होती. पण तार अडकली की कामगारच जाळी उघडतात. मालाची घाई असते, आणि मुकादम मागे उभा असतो. अशा वेळी ‘थांबा’ म्हणायला धीर लागतो. मुकादमानेच तो शब्द आधी म्हटला तर गड्याला सोपे जाते.

गाठ प्रेसमधून सुटली तरी तार शांत नसते. रुई बाहेर यायला धडपडत असते, तार तिला धरून ठेवते. तार तुटते ती बहुधा पिळाशी. तुटली की चाबकासारखी उसळते. डोळ्यावर बसली तर डोळा जातो. म्हणून गिरणीत गाठ सोडताना तारेच्या समोर उभे राहत नाहीत, बाजूला राहतात. डोळ्यांना चष्मा, हातांत जाड मोजे. कुऱ्हाडीने घाव घालू नये. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडते, आणि रुईत गेलेली ठिणगी आत आत धुमसत राहते. तार तोडायच्या कातरीनेच तोडतात. एकेक तार तुटते तसा तिचा भार राहिलेल्या तारांवर जातो. शेवटच्या तारेवर सर्वांत जास्त ताण असतो. ती तुटली की रुई पुन्हा फुगू लागते.