गावातलं घर गावकऱ्यालाच परवडावं म्हणून

अन्न, वस्त्र, निवारा ही त्रिसूत्री आपण पहिलीपासून पाठ केली आहे. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर कळतं की निवारा म्हणजे नुसतं सिमेंट आणि सळई नव्हे. आधी जागा लागते, आणि जागा म्हटली की नियम आलेच. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला तर सातबारा, गावठाण हे शब्द इंजिनिअरिंगलाच भेटले!

मी राहते ट्रॉम्बेला. पत्ता मुंबईचा, पण कोळीवाड्यात शिरलं की गावच. कुटुंबं वाढतात, जागा तेवढीच. जवळच चीता कॅम्प आहे. १९७६ साली जनता कॉलनीतल्या हजारो लोकांना उठवून इथे आणलं गेलं. घर होतं, पण पायाखालची जमीन स्वतःची नव्हती. म्हणून गावात परवडणाऱ्या घरांचे नियम अभ्यासताना मी तीन प्रश्न विचारते. मित्रांनो, तुम्हीही विचारून पाहा.

पहिला प्रश्न : घर कुठे?

गावठाण म्हणजे गावाची वस्तीची जागा. तिची हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी बदलण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. गाव वाढलं की हद्दही वाढावी, हा त्यामागचा साधा विचार. त्याच संहितेत नंतर कलम ४२-ड आलं. त्यानुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, अटी पाळून आणि कर भरून, निवासी वापरासाठी बिनशेती मानता येते.

आणि आमचे कोळीवाडे? ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतले कोळीवाडे 'सीआरझेड तीन'मध्ये दाखवायला सांगितलं. हा वर्ग मुख्यतः ग्रामीण किनाऱ्याचा. चारी बाजूंना शहर असूनही कोळ्यांना आपली घरं बांधता यावीत, हा हेतू. पुढे २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली. पण नकाशावर कोळीवाड्याची हद्दच नसेल, तर कुठलाही नियम लावणार कुठे? म्हणून सीमांकन हे पहिलं काम.

दुसरा प्रश्न : घर कोणाला?

इथे ग्रामसभा येते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत तपासली जाते. कोण खरंच कच्च्या घरात राहतं हे शेजाऱ्याइतकं कोणाला माहीत? घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे पाच बाय पाच मीटर, त्यातच स्वयंपाकाची जागा. सपाट भागात मदत १ लाख २० हजार रुपये. पण ही रक्कम बांधकामाची. ज्याला जागाच नाही त्याने काय करायचं? म्हणून महाराष्ट्राने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुलाची जागा घ्यायला अर्थसहाय्याची योजना आणली. म्हणजे गाडी परत जमिनीपाशीच येते.

तिसरा प्रश्न : घर किती काळ परवडणारं?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. स्वस्तात मिळालेलं घर उद्या बाजारभावाने विकलं, तर पुढच्या पिढीला काय उरलं? इंग्लंडमध्ये यासाठी वेगळा नियम आहे. गावाबाहेर जिथे एरवी घरांना परवानगी मिळत नाही, अशा छोट्या जागेवर अपवाद करतात, पण घरं स्थानिक गरजूंसाठी आणि कायम परवडणारी राहतील या अटीवर. अपवाद असल्यामुळे जमीनही स्वस्त मिळते. कुठे कुठे ती गावाच्या 'कम्युनिटी लँड ट्रस्ट'कडे असते. घर कुटुंबाचं, जमीन ट्रस्टची, आणि विकताना किंमत ठरलेल्या सूत्राने.

ही कल्पना साहेबाची वाटते ना? तिचं एक मूळ मात्र आपल्याकडे आहे! पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केलं, त्यातून ग्रामदान निघालं. जमीन ग्रामसभेच्या नावावर, कसणारं कुटुंब तेच. ग्रामदानापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी १९६९ मध्ये 'न्यू कम्युनिटीज' हा पहिला लँड ट्रस्ट उभा राहिला. कर्जापायी १९८५ मध्ये त्यांची जमीन गेली, पण कल्पना जगभर पसरली. महाराष्ट्रात ग्रामदान कायदा १९६४ पासून आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये तोच मार्ग धरला.

थोडक्यात, आपले नियम 'कुठे' आणि 'कोणाला' याची उत्तरं बऱ्यापैकी देतात. 'किती काळ' याचं उत्तर जमीन कोणाच्या नावावर आहे यात आहे. कोळीवाड्याच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की सगळे विचारतात, किती चौरस फूट मिळणार? आपण भावी इंजिनिअर्सनी आणखी एक विचारायला हवं : जमिनीचा कागद कोणाच्या नावावर राहणार? कॉलमची जाडी आपण गणिताने काढतोच, पण घर टिकायला या प्रश्नाचं उत्तरही तितकंच भक्कम लागतं.