मोठे टायर बसवताना क्राऊन-पिनियनचा हिशेब

जीप, थार, जिप्सी यांसारख्या फोर बाय फोर गाड्यांना मोठे टायर बसवून घेण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. हौस गिऱ्हाइकाची असली तरी निस्तरावे लागते गॅरेजवाल्याला. टायर बसतात, गाडी उंच आणि रुबाबदार दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. महिन्याभरात तेच गिऱ्हाईक परत येते. पिकअप गेला, घाटात तिसरा गियर टिकत नाही, क्लचप्लेट जळाल्याचा वास येतो, डिझेल जास्त पिते, अशा त्याच्या तक्रारी असतात. मग कुणी इंजेक्टर साफ करतो, कुणी क्लचप्लेट बदलतो, कुणी इंजिन खोलण्याचा सल्ला देतो. गिऱ्हाइकाचा पैसा जातो, गॅरेजचे नाव जाते आणि दोष जागच्या जागीच राहतो, कारण तो इंजिनात नसून ॲक्सलमध्ये आहे.

आमच्या वाचकांत गॅरेज चालवणारे, सुट्या भागांचा व्यापार करणारे आणि जुन्या जीपगाड्या दुरुस्त करून विकणारे पुष्कळ आहेत. म्हणून आज या एकाच प्रश्नाचा हिशेब मांडत आहोत. टायर मोठा केल्यावर क्राऊन-पिनियन कोणते घालायचे? याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. ते साध्या गुणाकार-भागाकाराने निघते.

रेशो म्हणजे काय?

प्रोपेलर शाफ्टला जोडलेले लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन आणि त्याने फिरणारे मोठे चाक म्हणजे क्राऊन. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो मिळतो. ४१ ला ११ ने भागले की ३.७३, ४१ ला १० ने भागले की ४.१०, ४१ ला ९ ने भागले की ४.५६, ३९ ला ८ ने भागले की ४.८८ आणि ४३ ला ८ ने भागले की ५.३८. रेशो ४.१० आहे याचा अर्थ असा की शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि वेग कमी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मालेगाव-भिवंडीच्या आमच्या पॉवरलूमवाल्या बांधवांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मोटरची पुली बदलली की मागाची चाल बदलते, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातले आहे. गाडीचा टायर ही या साखळीतली शेवटची पुली आहे. ती मोठी केली की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण तेवढेच इंजिनावर ओझे वाढते. ते ओझे उतरवायचे असेल तर मधली दातेरी जोडी बदलावी लागते.

जुन्या जीपचा धडा

हे गणित जीप बनवणाऱ्यांनी सुरुवातीपासून सांभाळले आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीस एमबी जीपच्या ॲक्सलचा रेशो ४.८८ होता. १९४५ साली विलीस कंपनीने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली. नांगर आणि ट्रॉली ओढायची म्हणून तिला ५.३८ चा रेशो दिला आणि ट्रान्सफर केसचा लो गियर १.९७ वरून २.४६ केला. पहिला गियर, ट्रान्सफरचा लो आणि ॲक्सल यांचा गुणाकार केला तर लष्करी जीपचा सुमारे २५.६ येतो आणि शेतकऱ्याच्या जीपचा सुमारे ३७. इंजिन जवळपास तेच, टायरही त्याच मापाचे, पण ओढ जवळजवळ दीडपट. गाडीचे काम बदलले की रेशो बदलायचा, हा त्यातला धडा आहे.

आपल्याकडे विलीस जीप आणली ती महिंद्र कंपनीने, १९४७ पासून मुंबईत. ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती आणि तिचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, हे आजच्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसेल. त्या जीपवर हात बसवून आमच्या कितीतरी उस्तादांनी आपले हुन्नर कमावले. आज गाड्या बदलल्या, पण क्राऊन-पिनियनचे गणित तेच आहे.

हिशेब कसा करावा

सूत्र एका ओळीचे आहे. जुन्या रेशोला नव्या टायरच्या उंचीने गुणावे आणि जुन्या टायरच्या उंचीने भागावे. जो आकडा येईल त्या रेशोने गाडीची मूळ ओढ परत मिळते.

उदाहरण घेऊ. समजा गाडीला २३५/७५ आर १५ चे टायर आहेत आणि रेशो ३.७३ आहे. आधी टायरची उंची काढू. २३५ चे ७५ टक्के म्हणजे १७६ मिलिमीटर. ही टायरच्या एका बाजूच्या भिंतीची उंची झाली. वरची आणि खालची मिळून ३५२. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण ७३३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २८.९ इंच. आता गिऱ्हाइकाला ३३ इंची टायर हवे आहेत. ३.७३ गुणिले ३३ भागिले २८.९ म्हणजे ४.२६. हाच टायर ३१ इंची असता तर उत्तर ४.०० आले असते.

रेशो न बदलता नुसते ३३ इंची टायर घातले तर काय होते तेही पाहा. टायर १४ टक्क्यांनी मोठा झाला. चाकाच्या कडेला मिळणारी ओढ १२ टक्क्यांहून अधिक घटली. पाच माणसे आणि सामान घेऊन आंबेनळी किंवा वरंधा घाट चढणाऱ्या गाडीला हा फरक सोसत नाही. ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर गाडी ओढतो आणि प्लेट जळते. स्पीडोमीटरही फसवतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९१ ने धावत असते.

मापाबद्दल एक सूचना. टायरवर छापलेली उंची आणि खरी उंची यांत फरक पडतो आणि गाडीच्या वजनाने टायर दबतो. म्हणून टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून गाडी सरळ ढकलावी आणि दहा फेऱ्यांचे अंतर फितीने मोजावे. जुन्या आणि नव्या टायरचे हे अंतर सूत्रात घातले तर हिशेब अधिक पक्का होतो. मात्र एक टायर छापील आकड्याने आणि दुसरा फितीने, असे करू नये.

दोन आकड्यांतून एक निवडताना

४.२६ चे क्राऊन-पिनियन बाजारात सहसा मिळत नाही. मिळते ते ४.१० किंवा ४.५६. खरी निवड इथे करायची असते आणि इथे कारागिराची अक्कल लागते. त्यासाठी इंजिनचे फेरे काढावेत. वेग गुणिले रेशो गुणिले २०९, भागिले टायरची उंची इंचांत. टॉप गियर डायरेक्ट नसेल, ओव्हरड्राइव्ह असेल, तर येणाऱ्या आकड्याला त्या गियरच्या रेशोनेही गुणावे.

वरच्या गाडीला ताशी ८० किलोमीटरवर, डायरेक्ट गियरमध्ये, मूळ टायरवर २,१६० फेरे पडतात. ३३ इंची टायरवर रेशो तोच ठेवला तर १,८९०. रेशो ४.१० केला तर २,०८० आणि ४.५६ केला तर २,३१०.

गाडी बहुतेक वेळ हायवेवर धावत असेल, ओझे कमी असेल, तर ४.१० ठीक. मूळ ओढीच्या जवळ जाते आणि इंजिन ओरडत नाही. गाडी डोंगरात, शेतात किंवा खाणीच्या रस्त्यावर चालणार असेल, ट्रॉली ओढणार असेल, तर ४.५६ घ्यावा. मोठे टायर नुसते उंच नसतात, जडही असतात. शिवाय गाडी उंच झाल्याने वाऱ्याचा विरोध वाढतो. हे दोन्ही सूत्रात येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा मोठ्या आकड्याकडे झुकणे बरे. लहान पेट्रोल इंजिनाच्या गाडीला हे विशेष लागू आहे. आजच्या टर्बो डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांतच जोर येत असल्याने त्याला थोडी कसर चालून जाते.

गिऱ्हाइकाची अडचण फक्त दगडधोंड्यांत असेल आणि डांबरी रस्त्यावर गाडी बरी चालत असेल, तर ॲक्सलला हात न लावता ट्रान्सफर केसचा लो गियर बदलणे हाही मार्ग आहे. त्याने हायवेवरचा हिशेब बिघडत नाही. आणि टायर इंच-सव्वा इंचानेच वाढत असेल तर बहुधा काहीच बदलू नये, हे गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगावे. न केलेल्या कामाचा पैसा मिळत नाही, पण विश्वास मिळतो.

काम हाती घेण्यापूर्वी

आधी गाडीतला रेशो कोणता हे स्वतः तपासा. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातची असेल तर आत काय घातले आहे याचा भरवसा नसतो. चाकांना ओट लावा, टू व्हील आणि न्यूट्रल करा, मागचे एकच चाक उचला. ते चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. तोच रेशो. डिफरन्शियल लॉक किंवा लिमिटेड स्लिप असेल तर ही रीत चालत नाही. तेव्हा दोन्ही चाके उचलून एक फेरा मोजावा. जुन्या विलीस घडणीच्या जीपचा हँडब्रेक शाफ्टवर असतो, तो सोडायला विसरू नका. कव्हर उघडल्यावर दाते मोजून खात्री करा.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच हवा. फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात. पुढे ३.७३ आणि मागे ४.५६ असेल तर चाके एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्टचा क्रॉस तुटतो. ४.०९ आणि ४.१० इतका बारीक फरक चालतो, त्याहून जास्त नाही. पैसे वाचवण्यासाठी “आता मागचे करा, पुढचे नंतर बघू” असे गिऱ्हाईक म्हणाले तर पुढचे होईपर्यंत फोर बाय फोर लावायचे नाही, असे त्याला बिलावर लिहून द्यावे.

तिसरी गोष्ट कॅरियरची. काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोपलीकडे जुन्या कॅरियरवर नवे क्राऊन बसत नाही. जुन्या डाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरियर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. म्हणजे वरच्या उदाहरणात कॅरियरही नवा लागणार. हा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर तो गॅरेजवाल्याच्या खिशातून जातो.

चौथी गोष्ट टिकाऊपणाची. क्राऊन तेच ठेवून रेशो वाढवला की पिनियन लहान होते आणि दाते कमी होतात. ११ दात्यांपेक्षा ९ किंवा ८ दात्यांचे पिनियन नाजूक असते. त्यातच मोठ्या टायरचा भार ॲक्सल शाफ्ट, क्रॉस आणि बेअरिंगवर येतो. ब्रेकही तुलनेने कमी लागतात. ते तपासल्याशिवाय गाडी सोडू नये.

जोडणी आणि पहिले किलोमीटर

क्राऊन आणि पिनियन ही घासून जुळवलेली जोडी असते. दोन जोड्यांची अदलाबदल कधी करू नये. पिनियनची खोली शिमने, बेअरिंगचा प्रीलोड आणि दात्यांतला बॅकलॅश डायल गेजने, हे सारे त्या ॲक्सलच्या मॅन्युअलमधील आकड्यांप्रमाणे ठेवावे. दाबून बसणारी स्लीव्ह असेल तर ती दर वेळी नवीच घालावी. शेवटी दात्यांना रंग लावून फिरवून पाहावे. ठसा दात्याच्या मध्यावर उमटला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी उमटला तर पुन्हा खोलावे. हाताला सैल-घट्ट बरोबर वाटले म्हणून गाडी सोडली तर महिन्याभरात ॲक्सल घरघरू लागतो.

नव्या जोडीला पहिले २५-३० किलोमीटर हलक्या पायाने चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे. पहिले ८०० किलोमीटर जड ओझे ओढू नये आणि त्यानंतर ऑइल बदलावे. स्पीडोमीटर तपासून दुरुस्त करून द्यावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारीसाठी गाडीमालकाला दर फेरफारीमागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेते ते वेगळेच. म्हणून काम घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करायला गिऱ्हाइकाला सांगावे. शेतातच चालणारी गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यांत फरक आहे.

गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न तीनच. टायरचे माप पक्के झाले का? गाडी जास्त कुठे चालणार? ओझे किती? टायर आधी ठरवावा, क्राऊन नंतर. उलटे केले तर तेच काम दोनदा करावे लागते. हे तीन प्रश्न आणि वरचा हिशेब शागिर्दाकडून वहीत लिहून घ्यावा आणि अंदाजपत्रकात दोन्ही जोड्या, कॅरियर, बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरी वेगवेगळी मांडावी. ज्या गॅरेजमध्ये आकडा काढून दाखवला जातो, तिथे गिऱ्हाईक भाव कमी करत बसत नाही.