पडद्यावरची नगरे

नगरे वसविणे हे एके काळी राजेरजवाड्यांचे काम होते. आज ते काम कोणीही घरबसल्या करू शकतो. मात्र संगणकाच्या पडद्यावर. नगरे रचण्याच्या या खेळाचा छंद लागलेली माणसे देशोदेशी पसरलेली आहेत. त्यांत शाळकरी मुले आहेत, तसे निवृत्त झालेले वृद्धही आहेत. या मंडळींत एखादा नवखा येतो, तेव्हा तो आपले नाव सांगतो, गाव सांगतो, आणि मग बहुधा आपली पहिली नगरी कशी बुडाली याची हकीकत सांगू लागतो. जुनी मंडळी ती ऐकून हसतात. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नसते, कारण त्यांचीही पहिली नगरी बुडालेलीच असते.

पहिली नगरी बुडते ती का? हे समजून घेण्याआधी या छंदाचा उगम कसा झाला ते पाहू; तो मोठा गमतीचा आहे.

अमेरिकेत विल राइट नावाचा एक तरुण संगणकावरचे खेळ तयार करीत असे. १९८४ साली त्याचा 'रेड ऑन बंगलिंग बे' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकून शत्रूच्या बेटांवरील कारखाने उद्ध्वस्त करायचे असत. ही बेटे रचण्यासाठी राइटने स्वतःपुरते एक साधन बनविले होते. त्याच्या साहाय्याने जमीन आखावी, रस्ते काढावेत, इमारती बसवाव्यात, अशी सोय होती. खेळ पुरा झाला, तरी राइट त्या साधनात रमलेलाच राहिला. बेटे जाळण्यापेक्षा ती उभारण्यात त्याला अधिक गोडी वाटू लागली. मग त्याच्या मनात आले, की या रस्त्यांवरून गाड्या धावल्या तर? या घरांत माणसे राहावयास आली तर?

त्यातून नगर वसविण्याचा खेळ तयार झाला. परंतु प्रकाशक राजी होईनात. ज्या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही, तो विकत कोण घेणार, अशी त्यांना शंका होती. पुढे जेफ ब्राउन या सहकाऱ्याबरोबर राइटने 'मॅक्सिस' ही कंपनी काढली आणि १९८९ साली 'सिमसिटी' हा खेळ लोकांपुढे आला. प्रकाशकांची शंका खोटी ठरली. खेळाला शेवटच नसल्यामुळे लोक तो रात्र रात्र जागून खेळू लागले.

खेळाची रीत अशी. आरंभी पडद्यावर मोकळी जमीन असते. तीमधून एखादी नदी वाहत असते, कोठे झाडी असते. खेळणारा हा त्या भावी नगराचा अध्यक्ष. सर्वांत सोप्या पातळीवर त्याच्या तिजोरीत २०,००० डॉलर असतात. कोळशावर चालणारे वीजकेंद्र ३,००० डॉलरांना पडते. अणुशक्तीचे हवे असेल तर ५,००० मोजावे लागतात. रस्त्याच्या एका तुकड्यास १० डॉलर आणि वस्तीसाठी आखलेल्या एका चौकोनास १०० डॉलर लागतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अध्यक्ष स्वतः घरे बांधीत नाही. ही जागा राहण्यासाठी, ही व्यापारासाठी, ही कारखान्यांसाठी, एवढेच तो आखून देतो. तेथे यावे की न यावे, हे ठरविणारी पडद्यावरची माणसे. त्यांना दारापर्यंत वीज हवी, रस्ता हवा, जवळपास कामधंदा हवा. मात्र त्या कामधंद्याचा धूर आपल्या घरावर येता कामा नये!

दिवाळीत तुम्ही अंगणात मातीचा किल्ला करता, तेव्हा दगड-विटा रचल्या, चिखल थापला आणि वर हळीव पेरले की काम संपते. किल्ल्यावर उभा केलेला मावळा कधी पाणी मागत नाही. पडद्यावरची माणसे मागतात, कुरकुरतात आणि कंटाळली म्हणजे गाव सोडून चालू लागतात.

नवख्याचे चुकते ते येथेच. तो आरंभी ऐटीत लांबलचक रस्ते काढतो, दूरवर विजेच्या तारा नेतो आणि वस्तीचे चौकोनच्या चौकोन आखून टाकतो. तिजोरी रिकामी होते. कर वर्षातून एकदाच जमा होतो, आणि तो देणार कोण? रस्ते पुष्कळ, माणसे थोडी! रस्त्यांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र दर वर्षी पुढे उभा राहतो. घाबरून तो कर वाढवितो. कर वाढला म्हणून जी थोडी माणसे आलेली असतात, तीही जाऊ लागतात. मग पोलिसांचा खर्च कमी करावा, तर चोऱ्या वाढतात. चोऱ्या वाढल्या की जमिनीची किंमत उतरते. किंमत उतरली की कर आणखी घटतो. एक गाठ सोडवावी तर दुसरी दोन बसतात. दुसऱ्या खेपेस तो शहाणा होतो. एक वीजकेंद्र, एक लहानशी वाट आणि चार-सहा चौकोन घेऊन बसतो आणि माणसे येण्याची वाट पाहतो.

वाहतुकीचेही असेच. 'सिमसिटी'त काही तयार संकटे सोडविण्यास दिलेली असत. १९०६ सालचे भूकंपग्रस्त सॅन फ्रान्सिस्को त्यांत होते आणि गाड्यांच्या गर्दीने तुंबलेले १९६५ सालचे स्वित्झर्लंडमधील बर्नही होते. बर्न हाती आले, की नवखा अध्यक्ष आणखी रस्ते बांधतो. थोड्याच वेळात तेही तुंबतात. मुरलेला खेळाडू उलट असलेले काही रस्ते उखडतो आणि तेथे लोहमार्ग टाकतो. ऐकावयास हे विचित्र वाटते खरे. पण नवा रुंद रस्ता झाला की नव्या गाड्या त्यावर येतात, हा अनुभव खऱ्या शहरांनाही पुष्कळ वेळा आलेला आहे.

हे सारे नियम राइटने आणले कोठून? नगरांविषयी त्याने पुष्कळ वाचन केले. त्यात जे फॉरेस्टर या अमेरिकन अभियंत्याचा १९६९ साली प्रसिद्ध झालेला 'अर्बन डायनॅमिक्स' हा ग्रंथ होता. घरे, धंदे आणि माणसे यांचे संबंध फॉरेस्टरने समीकरणांत मांडले होते आणि संगणकाकडून शेकडो वर्षांचा हिशेब करवून घेतला होता. त्याच्या हिशेबातून असे निघाले, की गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली तर नगराची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. यावर बरेच वादळ उठले. टीकाकारांचा मुद्दा साधा होता: समीकरणे मांडताना जे गृहीत धरले, तेच उत्तरात उमटणार! गणित बिनचूक असूनही त्याचे उत्तर चुकीचे असू शकते, ही गोष्ट पडद्यावरची नगरे रचणाऱ्याने विसरू नये असे मला वाटते. खेळाचे नियमही कोणा माणसाने ठरविलेले असतात, आणि त्या माणसाची मते त्यांत मुरलेली असतात.

पुढे असे खेळ अनेक निघाले. फिनलंडमधील टाम्पेरे येथील 'कलॉसल ऑर्डर' या लहानशा कंपनीने २०१५ साली 'सिटीज : स्कायलाइन्स' हा खेळ काढला. त्यात खेळणाऱ्यांना स्वतः रचलेल्या इमारती घालण्याची मुभा होती. हौशी मंडळींनी आपापल्या देशांतील घरे, पूल आणि स्थानके तयार करून एकमेकांना देऊन टाकली. या खेळात नवख्यावर कोसळणारे एक संकट जरा वेगळे आहे. तो उत्साहाने एकाच वेळी मोठी वस्ती आखतो. शेकडो तरुण कुटुंबे एकदम राहावयास येतात आणि नगर आनंदाने भरून जाते. बऱ्याच काळानंतर ही सारी माणसे एकदम म्हातारी होतात आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने मरू लागतात. शववाहिका पुरत नाहीत, स्मशाने भरतात, घरे ओस पडतात. नवख्याला वाटते, आपल्या नगरात साथ आली! साथ वगैरे काही नसते. सगळ्यांना एकाच वर्षी घरे दिल्याचा तो परिणाम असतो.

ही केवळ खेळातली गंमत नाही. जपानमध्ये टोकिओच्या पश्चिमेस तामा न्यू टाउन नावाची एक मोठी वसाहत आहे. १९७१ पासून तेथे लोक राहावयास येऊ लागले. आलेली कुटुंबे बहुतेक तरुण होती. मुले एकाच सुमारास वाढली, शाळा गजबजल्या. ती मुले मोठी होऊन बाहेर पडली, तेव्हा कित्येक शाळा बंद कराव्या लागल्या आणि मागे राहिलेले आईबाप एकदम वृद्ध झाले. सुरुवातीच्या अनेक इमारती पाच मजल्यांच्या होत्या आणि त्यांना उद्वाहक नव्हते. तरुणपणी जो जिना सहज चढला होता, तोच म्हातारपणी डोंगर झाला. आराखडा काढणारांनी जागेचा विचार केला होता. काळाचा करावयाचे राहून गेले.

राइटला या खेळाची प्रेरणा देणारी एक गोष्टही होती. स्तानिस्वाव लेम या पोलिश लेखकाने ती लिहिली आहे. पदच्युत झालेला एक जुलमी राजा एका यंत्रकाराला भेटतो. त्याचे मन रमावे म्हणून यंत्रकार त्याला पेटीत मावेल एवढे इवलेसे राज्य करून देतो. त्यात नगरे असतात, प्रजा असते, आणि राजा तिच्यावर पूर्वीसारखाच जुलूम करू लागतो. यंत्रकार ही हकीकत आपल्या मित्राला अभिमानाने सांगतो, तेव्हा मित्र विचारतो, की ती इवलीशी माणसे दुःखाने विव्हळत असतील, तर त्यांचे दुःख खोटे कशावरून?

'सिमसिटी'तील माणसे अर्थातच विव्हळत नाहीत. ती केवळ आकडे आहेत. तरीही २०१० साली एका नगरीने अनेकांना अस्वस्थ केले. फिलिपाइन्समधील वास्तुशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने 'सिमसिटी ३०००' या खेळात 'मॅग्नासांती' नावाची नगरी रचली. जास्तीत जास्त माणसे कशी मावतील, हे त्याने कागदावर गणिते मांडून ठरविले होते. या कामात त्याची काही वर्षे गेली. लोकसंख्या सुमारे साठ लाखांवर पोहोचली. नगरीत रस्ते नव्हते; सारी वाहतूक भुयारी रेल्वेने चाले. एकसारखे चौकोन दूरवर पसरलेले, आणि पोलिसांचा पहारा जागोजागी! हिशेबाने पाहता हा मोठाच विजय होता. मात्र तेथील माणसे जेमतेम पन्नाशीपर्यंत जगत. गाव सोडून कोणी जात नसे आणि तक्रारही करीत नसे. आकड्यांच्या मागे लागले म्हणजे नगराचे काय होते ते दाखवावे, असाच रचणाऱ्याचा हेतू होता.

या खेळांतून काय वगळलेले असते, हेही पाहण्यासारखे आहे. २०१३ साली निघालेल्या 'सिमसिटी'च्या रचनाकारांनी खऱ्या शहरांतील जागा मोजून पाहिल्या. दुकानापेक्षा त्याच्यासमोरील मोटारी उभ्या करण्याची जागा कितीतरी मोठी, असे त्यांना अनेक ठिकाणी आढळले. ती जशीच्या तशी दाखविली असती, तर खेळ रटाळ झाला असता. म्हणून मोटारी जमिनीखाली उभ्या राहतात असे मानून त्यांनी ती अडचण टाळली. ही सूट लहान आहे. याहून मोठी सूट अशी, की खेळ सुरू होतो तेव्हा जमीन मोकळी असते. तेथे कोणाचे शेत नसते, कोणाचे झोपडे नसते, कोणाचे देऊळ किंवा थडगे नसते. घर पाडावयाचे झाले, तर एक बटण दाबले की पुरते. घरातली माणसे कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही. खऱ्या जगात अशी मोकळी जमीन क्वचितच सापडते.

म्हणून २०१२ साली सुरू झालेला एक उपक्रम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांची मानवी वसाहतींविषयी काम करणारी संस्था 'यूएन-हॅबिटॅट' आणि 'माइनक्राफ्ट' हा ठोकळ्यांनी रचण्याचा खेळ करणारी स्वीडनमधील 'मोजांग' कंपनी यांनी मिळून तो हाती घेतला. त्याचे नाव 'ब्लॉक बाय ब्लॉक'. आरंभीच्या कामांपैकी एक केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा या दाट झोपडवस्तीत झाले. तेथील खेळाचे मैदान सुधारावयाचे होते. अशा कामी आधी त्या जागेची हुबेहूब प्रतिकृती पडद्यावर उभी करतात. मग वस्तीतल्या लोकांना बोलावून खेळ शिकवितात. एका संगणकाभोवती दोघे-चौघे बसतात. त्यांत काहींनी संगणकाला पूर्वी कधी हातही लावलेला नसतो. आराखड्यावरील रेघा वाचता येणे हे शिकलेल्यांचे काम. ठोकळ्यांची भिंत मात्र कोणालाही ओळखता येते. लोक ठोकळे हलवितात, एकमेकांशी वाद घालतात, रचलेले मोडून पुन्हा रचतात. शेवटी गटागटाने उभे राहून ते आपली रचना अधिकाऱ्यांना आणि वास्तुरचनाकारांना समजावून सांगतात. येथे पावसाचे पाणी साचते, येथे रात्री दिवा नसतो, या वाटेने मुले शाळेला जातात, हे त्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखविता येते.