ओरोस आधी की मुंबई?

प्रश्न : मुलीला ‘नीट’मध्ये चांगले गुण आहेत. मुंबईची मेडिकल कॉलेजे पसंतीच्या यादीत वर भरली तर पसंती फुकट जाईल का? ओरोसचे सरकारी कॉलेजच पहिले भरावे का? (एक पालक, मालवण)

उत्तर : पसंती फुकट जात नाही. सीईटी सेल राज्याच्या 85 टक्के जागा वाटतो, तेव्हा संगणक गुणवत्ताक्रमाने प्रत्येकाची यादी वरून खाली तपासतो. मुंबईचे केईएम हुकले म्हणून ओरोसवरचा हक्क तसूभर कमी होत नाही. उलट ओरोस वर ठेवले आणि मिळाले, तर खालची कॉलेजे त्या फेरीत बघितलीच जात नाहीत. क्रम मनाचा ठेवा. गतवर्षीचा कटऑफ यादी किती लांबवायची एवढ्यापुरताच.

घराजवळचे, सरकारी फीचे कॉलेज वर का नको, असे कुणी म्हणेल. जरूर ठेवा, पण फक्त अंतर मोजून नव्हे. ओरोसचे महाविद्यालय 2021 चे, आणि वैद्यकी शिकायला भिंतींपेक्षा रुग्ण लागतात. आपल्याकडचे गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला नेतात, हे मालवणकरांना सांगायला नको. त्या गोवा मेडिकलची परंपरा 1842 पासूनची. तिथल्या 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) वेगळी नोंदणी करावी लागते. आपल्याच जिल्ह्यातले पडव्याचे खासगी कॉलेज भरण्याआधी मात्र साडेचार वर्षांच्या फीचा हिशेब मांडा.