डिझेल इंजिन : रोजची पाच मिनिटांची तपासणी
(ऊस विकास विभागाकडून)



पाचगणीच्या घाटाखाली, वाईच्या खोऱ्यात आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत. तरी ऐन उन्हाळ्यात वीज गेली की कोपऱ्यात झाकून ठेवलेले डिझेल इंजिनच आठवते. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ साली निघाली, तेव्हापासून हे यंत्र आपल्या घरचेच झाले आहे. पण घरचे म्हणून त्याच्याकडे बघायचेच नाही, असे चालणार नाही.

मागे एका मे महिन्यात एका सभासदाने तेल न बघताच हॅन्डल मारले. तासाभरात पिस्टन जॅम! दुरुस्ती होईपर्यंत खोडव्याची पाळी चुकली. आम्ही प्लॉटवर गेलो तेव्हा पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च दिसला; उसाच्या वजनातली घट काट्यावर गेल्यावर कळली.

म्हणून सुरू करण्यापूर्वी एवढे कराच :

१) तेल : इंजिन सपाटीवर व बंद असताना पट्टी पुसून बुडवावी. तेल दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेजवळ हवे. जास्तही भरू नये. किती तास चालले ते वहीत लिहावे आणि कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे तेल व फिल्टर बदलावा.

२) पाणी : टाकी भरलेली आहे ना, पाणी फिरते ना, ते बघावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. आधी निवू द्यावे.

३) डिझेल : गाळूनच भरावे. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर रात्री आत दव धरत नाही. पाणी व कचरा नोझल खातो.

४) हवा : ऊसतोडीच्या दिवसांत धूळ फार. एअर क्लीनर वरचेवर साफ करावा.

५) नट-बोल्ट व पट्टा : पायाचे बोल्ट आवळावेत. पट्टा ढिला नको, फार ताणलेलाही नको. हे काम इंजिन बंद असतानाच करावे. धोतराचा सोगा, उपरणे आवरून घ्यावे.

सुरू झाल्यावर धूर बघावा. काळा धूर म्हणजे लोड जास्त, हवा कमी किंवा नोझल खराब. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, रिंगा तपासा. गार इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर येतो, पण तापल्यावरही राहिला तर मिस्त्रीला दाखवा. बंद करताना लोड काढून दोन मिनिटे चालवावे व डिझेल तोडूनच थांबवावे.

एक गोष्ट मात्र जिवाची. पाणी खोल गेले म्हणून विहिरीत किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. कोणी आत बेशुद्ध पडले तर पाठोपाठ दुसऱ्याने उतरू नये. इंजिन बंद करून मदत बोलवावी.

मोटेचे बैल वैरण-पाणी बघूनच जुंपत होतो ना? मग इंजिनालाही तेल-पाणी बघूनच हॅन्डल मारू या.